"नॉन-टॉक्सिक" लिहिलंय, पण रंग कुठला लावलाय?

खेळण्याच्या खोक्यावर "नॉन-टॉक्सिक", "इको-फ्रेंडली", "१००% नॅचरल" असं छापलेलं असतं त्यावरून आपल्याला काहीही कळत नाही. हे मला आता पक्कं माहितीये आणि म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणींची बाळं आता रांगायला लागलीत आणि प्रत्येकीचा फोन येतो की अगं खेळणी कुठली घेऊ. माझी चिऊ आता अडीच वर्षांची आहे, आम्ही पुण्यात राहतो, माझं माहेर कुडाळ, त्यामुळे लाकडी खेळणी म्हटली की सावंतवाडी डोळ्यासमोर येणारच, पण तिथपर्यंत नंतर येते.

बारशाला आणि नंतर सहा महिने जो येईल तो काहीतरी घेऊन आला, त्यामुळे चिऊ बसायला लागेपर्यंत घरात खेळण्यांचा ढीग झाला होता. आणि मग तिला दात यायला लागले आणि सगळं तोंडात जायला लागलं. खुळखुळा, रिंगा, गाडीचं चाक, पुस्तकाचा कोपरा, काहीही. मोठा माणूस खेळणं बघतो, हातात घेतो, ठेवून देतो, पण ह्या वयाचं मूल ते चघळतं, तासन् तास, लाळेत भिजवून. म्हणजे खेळण्यावर जे काही लावलंय ते थोडंथोडं पोटात जाणारच, असं धरूनच निवडायला हवं हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी वाचायला बसले.

सगळ्यात आधी शिशाबद्दल वाचलं आणि खरं सांगते, झोप उडाली. रंग भडक दिसावा, लवकर वाळावा, टिकावा म्हणून रंगात शिशाची संयुगं घालतात, पिवळ्या, लाल, नारिंगी रंगात ती जास्त सापडतात. डब्ल्यूएचओचं म्हणणं असं की शिशाची "एवढी चालेल" अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही, आणि मोठ्या माणसाच्या पोटात जेवढं शिसं गेलं तेवढंच लहान मुलाच्या पोटात गेलं तर मुलाचं शरीर त्यातलं ४ ते ५ पट जास्त शोषून घेतं. परिणाम मेंदूवर होतो आणि तो बाहेरून दिसत नाही, ना ताप ना उलटी. मूल मोठं झाल्यावर अभ्यासात मागे पडतं, लक्ष लागत नाही, तेव्हा कोणाला आठवणार आहे की दहाव्या महिन्यात ते कुठला पिवळा ठोकळा चावत होतं? २००७ साली मॅटेलसारख्या जगातल्या मोठ्या कंपनीला शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली होती. म्हणजे मोठं नाव असलं की प्रश्न मिटला असंही नाही.

मग पुढचा प्रश्न, बघायचं काय. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हे माझ्या आसपास निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, सगळ्यांना वाटतं आयएसआय म्हणजे हेल्मेट, कुकर आणि गॅसची शेगडी. खेळण्यांचं स्टँडर्ड आहे आयएस ९८७३, त्याचे वेगवेगळे भाग आहेत: धारदार कडा, सुटणारे तुकडे हे एका भागात, पेट घेण्याचं दुसऱ्या भागात, आणि आपल्याला जे हवंय ते म्हणजे रंगातून शिसं, कॅडमियम वगैरे किती बाहेर येतं हे तिसऱ्या भागात. बॅटरी-वायरवाली असतील तर आयएस १५६४४. हा नियम येण्याचं एक कारण पण वाचलं. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्लीच्या आसपासच्या बाजारातून परदेशी खेळणी विकत घेऊन तपासली तर ६६.९ टक्के नापास झाली. तीनातली दोन!

पण नुसतं ते आयएसआयचं चित्र छापणं कोणालाही जमतं. खऱ्या मार्कवर वरच्या बाजूला आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल आणि पुढे लायसन्सचा नंबर. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे, त्यात तो नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कशाचं लायसन्स आहे, चालू आहे की संपलंय सगळं दिसतं. मी आणि नवऱ्याने एका रविवारी अख्खा ढीग पुढ्यात घेऊन हे केलं. काही खोक्यांवर मार्कच नव्हता, एकावर नंबर होता तो ॲपमध्ये टाकला तर भलत्याच मालाचा निघाला. ते खेळणं दिसायला सगळ्यात गोड होतं आणि त्यावर "नॉन-टॉक्सिक" दोन ठिकाणी लिहिलेलं होतं. दुकानदाराला फोन करून विचारलं तर म्हणाला मॅडम आजवर कोणाची तक्रार नाही आली. तक्रार येणार कशी, वर म्हटलं तसं हे दिसतच नाही ना. आता मी दुकानातच उभी राहून नंबर टाकते, दोन मिनिटं लागतात, दुकानदार बघत राहतात, बघू देत.

आता लाकडाचं. इथे सगळ्यांचा एकच समज असतो, लाकडी म्हणजे सेफ, प्लास्टिक म्हणजे वाईट. लाकूड सेफ असेल हो, पण मूल चाटतं तो वरचा रंग, आणि रंग कुठला लावलाय हे लाकूड सांगत नाही. त्यात अजून एक गोष्ट अशी की सरकारकडे म्हणजे हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला आणि जीआय टॅग (एखाद्या गावच्या खास वस्तूची सरकारी नोंदणी) असलेल्या खेळण्यांना ह्या आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. ते बरोबरच आहे, घरात बसून दहा बाहुल्या करणाऱ्या माणसाला लॅबचा खर्च कसा झेपणार. पण त्याचा अर्थ आपल्यासाठी असा की तिथे नंबर टाकून बघायची सोय नाही, तिथे समोरासमोर विचारावं लागतं, आणि विचारलं की ही माणसं सांगतात, हा माझा अनुभव आहे.

दादा-वहिनी बेंगळुरूला असतात, त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा चन्नपट्टणला मुद्दाम गेलो, म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण ६० किलोमीटरवर आहे. हे गाव मला किती आवडलं काय सांगू. तिथलं पारंपरिक लाकूड म्हणजे आले मरा, आपल्याकडचा काळा कुडा, पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत. लेथवर लाकडाचा तुकडा फिरत असतो, त्याला छिन्नी लावून आकार देतात आणि मग रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घासून घासून जी उष्णता होते तिने लाख वितळते आणि लाकडावर चढते. ब्रश नाही, थिनर नाही, वास नाही. शेवटी केवड्याचं पान दाबून धरतात आणि त्याने जी चकाकी येते ना, मी तर बघतच राहिले. आम्ही कोकणातले लोक केवडा म्हणजे गणपतीला आणि अत्तराला एवढंच ओळखतो.

मी विचारलं की लाखेत रंग कुठला घालता. वहिनीला कन्नड येतं म्हणून नीट बोलता आलं. तर त्या काकांनी अगदी सरळ सांगितलं की दोन प्रकार करतो, एक वनस्पतींचे रंग म्हणजे हळद, नीळ वगैरे, आणि दुसरा तयार पावडरचा रंग, तो जास्त भडक येतो आणि स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक तोच मागतं. दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. वनस्पतींच्या रंगाचा पिवळा जरा मंद, निळा जरा काळसर, लाल म्हणजे विटकरीकडे जाणारा. एकदा शेजारी ठेवून बघितलं की कायमचं लक्षात राहतं. बाळ चावणारं आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून एक रिंगांचा मनोरा आणि एक खुळखुळा असा दिला ज्याला रंगच नव्हता, नुसती बिनरंगाची लाख. तो खुळखुळा चिऊने दात येईपर्यंत आणि आल्यावरही सोडला नाही. चन्नपट्टणला जाणं जमणार नसेल तर आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी पण ह्याच जातीच्या लाकडाची आणि लाखेची, वनस्पतींच्या रंगांसाठीच नावाजलेली आहेत, दोन्हींना जीआय आहे. घेताना "जीआय आहे का" एवढं विचारून थांबू नका, रंग वनस्पतींचा का पावडरचा हे वेगळं विचारा.

सावंतवाडीला मात्र उत्तर वेगळं मिळालं आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे. चितारआळीत आम्ही लहानपणापासून जातोय, ती लाकडी फळं, केळी, आंबे, सीताफळ, वांगी, बघणाऱ्याला खरी वाटतात. मला चिऊच्या भातुकलीसाठी फळं घ्यायची होती. दुकानातल्या मावशींना विचारलं रंग कसला, त्या म्हणाल्या, "अगो, ही शोभेची फळां, टेबलार ठेवची, पोराच्या तोंडात कित्याक देतंस? पोर किती वर्साचा तुझा?" ऑइल पेंट आहे असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. किती बरं वाटलं मला. मग त्यांनी आतून बिनरंगाची पोळपाट-लाटणं, छोटी पळी, पाट असं काढून दिलं, नुसतं पॉलिश पेपरने घासलेलं. मी घरी आणून खोबरेल तेल चोळलं आणि दिलं. रंगवलेली फळं पण घेतली, ती शोकेसमध्ये वर आहेत, चिऊ बोट दाखवते आणि नावं सांगते, तिचे रंग आणि फळं तशीच पाठ झाली.

पेंटबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. भारतात घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण तो फक्त घरगुती रंगांना, कारखान्यात किंवा गाड्यांना लावायच्या रंगांना तो लागू नाही. त्यामुळे "ऑइल पेंट आहे" ह्यापुढे "कुठला डबा" हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर मिळेलच असं नाही. म्हणून माझा साधा नियम झाला: तोंडात घालायच्या वयात रंगवलेलं लाकूड नकोच, बिनरंगाचं किंवा वनस्पतींच्या रंगाच्या लाखेचं.

आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारे "वूडन पझल" म्हणून जे असतं ते बऱ्याचदा एमडीएफ असतं, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबलेला. त्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. खोकं उघडल्यावर नवीन फर्निचरच्या दुकानासारखा वास आला तर तेच. वरचा छापील कागद लाळेने सुटतो आणि मूल तो गिळतं, आतली कड ओली होऊन फुगते. आम्हाला भेट आलेलं एक होतं, ते मी चिऊ तीनची झाल्यावर काढणार आहे.

आता बाबांचं सांगते, म्हणजे माझे सासरे. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममधून रिटायर झालेत, त्यांच्याकडे अजून त्यांचा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी त्यांना सांगितलं की ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक टेस्ट असते, ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी, तळाला तिरकी, एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलीमीटर खोल, आणि खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा कसाही फिरवून त्यात पूर्ण बसला तर तो बाळाच्या घशात अडकू शकतो. बाबांनी दुपारभर बसून पुठ्ठ्याची ती नळी बनवली, व्हर्नियरने मोजून, आत तिरका तळ बसवून, वर वॉर्निश मारून. आणि मग घरातली एकेक वस्तू त्यात टाकून बघायला लागले. पेनाची टोपणं, रिमोटचा सेल, सागरगोटे, चिंचोके, सासूबाईंच्या ब्लाउजची बटणं, बाहुलीचा बूट, सगळं गेलं आत. "अगं, खेळण्यांचं सोड, हे घरच सगळं बसतंय नळीत," असं म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी खालचे दोन ड्रॉवर रिकामे केले. त्यांची पद्धत अशी की खेळणं नुसतं टाकून नाही बघायचं, आधी चाक ओढायचं, डोळा ओढायचा, शिवण ताणायची, कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकायचं, आणि मग जे निघेल ते नळीत. दर एकदोन महिन्यांनी पुन्हा, कारण आज घट्ट असलेलं चाक सहा महिन्यांनी घट्ट असेलच असं नाही. ती नळी आता आमच्या बिल्डिंगमध्ये फिरते.

इथेच एक गैरसमज काढायला हवा. खोक्यावर "३ वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहिलेलं असतं ना, किंवा ०-३ वर काट मारलेला चेहरा, ते मुलाच्या हुशारीबद्दल नसतं. "आमचा दीड वर्षाचा आहे पण खूप हुशार आहे, जमतं त्याला" असं म्हणून लोक देतात. हुशार मुलाचा घसा काही मोठा नसतो.

केमिकलपेक्षाही तातडीचा धोका ह्या छोट्या वस्तूंचा आहे. त्यात सगळ्यात भयंकर बटन सेल, गाण्याच्या पुस्तकात, लाइटच्या भोवऱ्यात, म्युझिकल कार्डात असतो तो चपटा गोल. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजतं. सेल रिकामा झालेला असला तरी. शंका जरी आली तरी उलटी काढायला जायचं नाही, वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठून एक्सरे. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ते खेळणं आमच्या घरात येत नाही, मग ते कोणीही दिलेलं असो. तसेच ते बारीक गोल चुंबक, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांमध्ये एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. आणि पाण्यात फुगणारे जेलीचे मणी, कुंडीत घालायला आणतात ते, पोटात जाऊन तिथे फुगतात. जत्रेतले फुगे पण, फुटला की तुकडे लगेच उचलायचे, रबराचा तुकडा घशावर चिकटून बसला तर श्वास बंद होतो. चिऊच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही फुगे लावलेच नाहीत, झेंडूच्या माळा आणि पताका लावल्या, छान दिसलं.

प्लास्टिकवर माझा सरसकट राग नाही. कडक प्लास्टिकच्या मोठ्या ठोकळ्यांचा चिऊकडे एक सेट आहे, मार्कवाला, धुता येतो, तुटत नाही. मला नको असतं ते मऊ, लिबलिबीत, वास मारणारं पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या पाण्याच्या पाइपासारखं, ते मऊ करायला थॅलेट्स घालतात आणि ते प्लास्टिकला नीट बांधलेले नसतात, चावलं की लाळेत उतरतात. हॉर्मोन्सवर त्यांचा परिणाम होतो. आपल्या स्टँडर्डमध्ये त्यावर मर्यादा आहे पण रस्त्यावरच्या पिशवीतल्या बदकाला कुठलं स्टँडर्ड. आणि ती अंघोळीची बदकं, तळाला भोक असलेली, एकदा कापून बघा, आत काळी बुरशी असते. मूल तेच पाणी तोंडात पिचकारतं. आमच्याकडे अंघोळीला स्टीलचा गडू, चाळणी आणि एक रिकामी बाटली असते.

तसं बघितलं तर दीड वर्षापर्यंत सगळ्यात जास्त खेळली ती स्वयंपाकघरातल्याच वस्तूंशी. पळी, वाट्या, डबे एकात एक घालणं, कुकरची जुनी शिट्टी नाही, ती नळीत बसते. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुन्या सुती लुगड्याची बाहुली शिवली, आत चिंध्याच भरल्या, कडधान्य नाही, डोळे दोऱ्याने भरले, बटणं लावली नाहीत. बाहुली दर आठवड्याला धुतली जाते. माझ्या आजीची पितळी भातुकली होती ती द्यायचं आईंच्या फार मनात होतं. पण काही पितळांत कापायला सोपं जावं म्हणून शिसं घातलेलं असतं, आणि जुन्या कल्हईतही कथलाबरोबर शिसं मिसळलेलं असू शकतं, म्हणून मी म्हटलं आई, थोडी थांबूया, तोंडात घालायचं वय गेलं की देऊ. आईंना पटलं, घासून वर ठेवलीय. कणकेचा गोळा पण खेळायला देतो, रंगाला बीट किंवा पालकाचा रस. हळद मात्र घालत नाही, कारण सुट्या हळदीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. आणि टिकावा म्हणून गोळ्यात भरपूर मीठ घालतात ते मी घालत नाही, लहान मुलाने खाल्लं तर एवढं मीठ त्याला बाधतं.

नातेवाइकांचा प्रश्न सगळ्यांनाच असतो. नणंदेने आणलेलं, मावसदिराने आणलेलं, नको कसं म्हणायचं. आम्ही आता आधीच सांगतो, आईच फोनवर सांगतात म्हणून कोणाला राग येत नाही, की चिऊला खेळणं नको, पुठ्ठ्याचं पुस्तक आणा नाहीतर तिच्या नावाने शंभर रुपये डब्यात टाका. जमलेल्या पैशातून वर्षातून एखादं चांगलं खेळणं मागवतो. चांगलं लाकडी खेळणं स्वस्त नसतं हे खरंय, पण ढिगाऐवजी चार असली की पुरतात आणि मूल त्यांच्याशी जास्त वेळ खेळतं, हे मी रोज बघतेय.

टाकून द्यायच्या खेळण्यांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून तेही लिहिते. नापास झालेली खेळणी आम्ही कामवाल्या मावशींच्या नातवाला दिली नाहीत. जे आपल्या लेकीला नको ते त्याला का? कुडाळला आमच्याकडे पाणी अजून चुलीवर तापतं, तिथे काकूने जुनी रंगवलेली घसरगुंडी फोडून न्हाणीतल्या चुलीत घालायला काढली होती, तिला थांबवलं. जुना रंग जळला की त्यातलं शिसं धुरात आणि राखेत येतं, आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो, ती झाडांना घालतो. पीव्हीसी जाळलं तर ॲसिडचा धूर होतो, डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. सेल काढून त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची आणि ई-कचऱ्यात द्यायचे, बाकीचं सुक्या कचऱ्यात, मोडून, म्हणजे कोणी उचलून परत मुलाच्या हातात देणार नाही.